गालिच्यावर ठेवलेला कप

किस्से जमवावे लागत नाहीत. कॉफीच्या भांड्याच्या तळाशी गाळ बसतो तसे ते आपोआप बसतात. मी मुळात कमी बोलणारा, त्यातही सावकाश. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा तीन सांगून मोकळा होतो! आणि ज्याच्या हातात कॉफीचं भांडं असतं त्याच्याकडे कोणी बघतच नाही. लोक त्याच्यासमोर भांडतात, रडतात, बिनदिक्कत खोटं बोलतात आणि मग कप पुढे करतात. मी बहारीनमध्ये आयुष्यभर तेच काम केलं. शाळा चौथीपर्यंत, गाव दापोलीकडे, आणि हातात पितळेचा दल्ला. दल्ला म्हणजे लांब चोचीचं कॉफीचं भांडं.

आमचे अरबाब सनद गावाच्या बाजूला राहायचे, जिथे खजुराच्या बागा संपत आल्या होत्या तिथे. अरबाब म्हणजे मालक. त्यांच्या बकऱ्या होत्या, खजुराची झाडं होती, सलमाबादला दोन गोदामं होती. नव्वदनंतर तिकडे राज्यकर्त्यांना सल्ला द्यायला मोठ्या लोकांची एक सभा बसली. तीत गावाकडचा, जुन्या वळणाचा माणूस म्हणून अरबाबांना घेतलं. तेव्हापासून आमच्या घराचा आठवडा ठरून गेला. सोमवारी संध्याकाळी बैठकीच्या खोलीत गावकरी येऊन अरबाबांना गाऱ्हाणी सांगणार, मंगळवारी अरबाब सभेत बोलणार, बुधवारी ते पेपरात येणार आणि गुरुवारी अरबाब विचारणार, "हे मी कधी बोललो?"

त्यांची भाषणं लिहायला एक इजिप्तचा मास्तर होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. गाडी चालवायला आमचा जाधव. तो साताऱ्याकडचा, आणि त्याची जीभ गाडीपेक्षा जोरात पळायची. अरबाब तरुणपणी वडिलांबरोबर मोत्यांच्या धंद्यासाठी मुंबईत राहिलेले, म्हणून आमच्याशी मुंबईचं हिंदी बोलायचे. मी ते इथे मराठीत सांगतो.

*

जुन्या वळणाचे म्हणजे किती? एकदा सभेत कुठल्यातरी नव्या गोष्टीला विरोध करायचा होता. कोणत्या, ते आता आठवत नाही. अरबाबांना तरी कुठे आठवत होतं! गाडीत बसल्या बसल्या ते म्हणाले, "जे माझ्या आजोबांच्या वेळी नव्हतं, त्याच्याशी मला काय करायचंय?"

जाधवने आरशात बघत विचारलं, "अरबाब, मग हा एसी बंद करू?"

बाहेर ऑगस्ट होता. अरबाबांनी क्षणभर विचार केला.

"एसी आजोबांना पाहिजे होता," ते म्हणाले. "मिळाला नाही बिचाऱ्यांना. चालू ठेव!"

*

आता देशपांडे साहेबांची गोष्ट. त्याआधी कॉफीचे कायदे सांगतो, कारण आमच्या घरात सभेच्या कायद्यांपेक्षा तेच जास्त चालायचे.

कॉफी चिमुकल्या, बिनकानाच्या कपात द्यायची, तीही कपाच्या तळापुरती. पाहुणा पीत राहिला की आपण ओतत राहायचं. पुरे झालं की त्याने कप हलवायचा. तोंडाने "बस" म्हणायचं नाही. आणि एखाद्याने कप न पिता गालिच्यावर ठेवला, तर त्याचा अर्थ, माझं एक मागणं आहे, ते मान्य करा, मगच पितो. तेव्हा यजमानाने आधी "दिलं" म्हणायचं आणि मग विचारायचं, काय ते. अशा पाहुण्याला नुसतंच परत पाठवणं म्हणजे घराण्याची अब्रू गेली.

देशपांडे साहेब पुण्याचे इंजिनियर. रिफाला फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांची कंपनी आमच्या गावात गटाराचे पाइप टाकत होती. रस्ता खणून ठेवला होता, त्यात एकाची गाढवीण पडली, म्हणून अरबाबांनी त्यांना सोमवारी बोलावून घेतलं. साहेब टाय लावून आले, काखेत नकाशे. मी कप दिला. त्यांनी वास घेतला, हसले आणि कप अलगद गालिच्यावर ठेवून दिला.

जपमाळ ओढणाऱ्यांचे हात थांबले. अरबाब ताठ बसले आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "दिलं! आता सांग, काय पाहिजे?"

साहेब घाबरले. "काही नाही," ते म्हणाले. "मला ॲसिडिटी आहे."

मी उस्तादांकडे बघितलं, उस्तादांनी छताकडे. अरबाबांचा "दिलं" हा शब्द तर तोंडातून निघून गेला होता! तो परत कसा घ्यायचा? अरबाबांनी दाढीवरून हात फिरवला.

"हसन," मला म्हणाले, "जाधवला सांग, चांगलं तगडं जनावर बघून साहेबांच्या गाडीत घाल."

साहेब शाकाहारी. टाय लावून ते पुढे, मागच्या सीटवर काळंपांढरं जनावर बसलेलं, आणि ते मागून साहेबांच्या कॉलरचा वास घेतंय, अशी ती गाडी रिफाच्या दिशेने गेली. जाधव रस्त्याच्या मध्यात उभा राहून हात हलवत होता.

*

पुढच्या सोमवारी साहेब नकाशे न घेता आले. मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाले, "हसनमियाँ, बकरीने गटाराचा नकाशा खाल्ला हो."

"सगळा?"

"मशिदीपासून शाळेपर्यंतचा." मग आवाज खाली करून म्हणाले, "आणि बायकोची तुळस. बायको आता बकरीशी बोलते, माझ्याशी नाही."

दिलेली भेट परत करणं म्हणजे अपमान, म्हणून जाधवने आणि मी शुक्रवारी गुपचूप रिफाला जाऊन जनावर आणलं. अरबाबांच्या लांबलचक अमेरिकन गाडीत, ब्लँकेटखाली! वाटेत सिग्नलला पोलीस शेजारी उभा, आणि ब्लँकेट ओरडलं. जाधव पोलिसाकडे बघून म्हणाला, "चाचाची तब्येत बरी नाही." पोलिसाने माझ्याकडे बघून मान हलवली. मी पण जरा कण्हलो.

जनावर कळपात सोडून दिलं. अरबाबांनी ते कळपात ओळखलं. पण त्यानंतर दर सोमवारी ते सगळ्यांसमोर प्रेमाने विचारायचे, "देशपांडे, बकरी कशी आहे?"

"मजेत आहे, अरबाब."

"दूध देते?"

"भरपूर देते!"

साहेब गेले की अरबाब उशीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. दिलेला तो बोकड होता.

*

गटार झालं, नवा रस्ता झाला, आणि रस्ता गुळगुळीत झाल्यावर पोरं गाड्या पळवायला लागली. एका सोमवारी गावकऱ्यांनी मागणी केली, स्पीडब्रेकर पाहिजे. अरबाब म्हणाले, "इंशाल्ला." दुसऱ्या सोमवारी भांडण, स्पीडब्रेकर कोणाच्या घरासमोर? प्रत्येकाला तो शेजाऱ्याच्या दारात पाहिजे होता. तिसऱ्या सोमवारी दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

चौथ्या सोमवारी सकाळी जाधव पळत आला. "चाचा, अरबाब रस्त्यात बसलेत!"

खरोखर बसले होते. सभेला जायचा जरीकाठी झगा घालून, रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून. गाड्या दोन्ही बाजूंनी मुंगीच्या चालीने जात होत्या, आणि प्रत्येक गाडीची काच खाली होऊन आतून सलाम येत होता.

मी कॉफी घेऊन गेलो. "अरबाब, आत चला. ऊन आहे."

"तुम्ही लोक जागा ठरवा," ते म्हणाले. "तोपर्यंत मीच स्पीडब्रेकर!"

दुपारपर्यंत जागा ठरली.

*

मग डिश अँटेना आल्या. गावात एकाच्या छपरावर पहिली दिसली, आणि त्याचा शेजारी सोमवारी लाल होऊन आला. "अरबाब, ह्याच्यावर बंदी आणा! नंगा नाच चालतो! बायका गातात, कपडे नाहीत, लाज नाही!"

अरबाबही तापले. उस्तादांना म्हणाले, "लिही!" उस्ताद लिहायला लागले. "कोणत्या वेळी चालतो हा प्रकार?"

"रोज नऊ वाजता. गुरुवारी दोनदा लागतो. गुरुवारचा दुसरा जास्त वाईट असतो, तुर्कस्तानचा."

अरबाबांनी हात वर करून उस्तादांना थांबवलं. "तुझ्या घरी डिश नाही ना?"

"तौबा!"

"मग दिसतो कुठून?"

"आमच्या गच्चीवरून त्याची खिडकी सरळ दिसते," तो म्हणाला. "फक्त जरा वाकावं लागतं."

अरबाबांनी त्याला डिश लावायला सांगितली. म्हणाले, "ह्या वयात वाकू नकोस."

*

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर एक दिवस साठीचा विषय निघाला.

गावातल्या पोरांना काम नव्हतं. ती सोमवारी येऊन भिंतीला टेकून बसायची, कप हलवायची आणि जायची. अरबाबांना ते बघवायचं नाही. त्यांनी ठरवलं की सभेत एक सूचना मांडायची. बाहेरून आलेला जो कामगार साठीच्या वर आहे, त्याला सन्मानाने घरी पाठवावं, जागा आपल्या पोरांना द्यावी.

अरबाब भाषणाची तालीम गाडीत करायचे. उस्तादांचं अरबी इतकं जड, की जाधवला जांभई आली म्हणजे भाषण जमलं असं ते समजायचे. पण मला इतक्या वर्षांत बरंच समजायला लागलं होतं. मी पुढच्या सीटवर बसून ऐकत होतो. साठ. बाहेरचे. घरी. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो.

जाधव माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "चाचा, ही तर तुमचीच वरात चाललीय!"

"गाडी बघ," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी उस्तादांनी धीर करून विषय काढला. "साठच का, अरबाब?"

"साठीनंतर माणसाने घरी बसावं."

"आणि आपलं वय?"

अरबाबांना स्वतःचं वय माहीत नव्हतं. ज्या वर्षी विहिरीत उंट पडला त्या वर्षी त्यांचा जन्म, एवढंच. पण ते अडले नाहीत. "मी घरीच बसलेला असतो," ते म्हणाले. "लोक माझ्याकडे येतात!"

"आणि हसन?"

अरबाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कोणी स्वतःच्या घराच्या खांबाकडे बघतं. "हसनला वय कुठे आहे?" म्हणाले, आणि कप पुढे केला. मी ओतली.

*

मंगळवारी भाषण झालं, बुधवारी पेपरात फोटो आला. पुढच्या सोमवारी बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक जण अरबाबांच्या खांद्याचं चुंबन घेऊन म्हणत होता, "वा! कोणीतरी बोललं शेवटी!"

मी कॉफी द्यायला सुरुवात केली. पहिल्याने कप घेतला आणि गालिच्यावर ठेवला.

"दिलं," अरबाब म्हणाले. "काय पाहिजे?"

"कायदा फार छान आहे. फक्त आमच्या स्वयंपाक्याला सोडा. पासष्टचा आहे, पण त्याच्यासारखा मासा कोणाला जमत नाही."

दुसऱ्याने कप ठेवला. त्याचा माळी. तिसऱ्याचा कोळी, चौथ्याचा गवंडी. एकाचा शिंपी तर सत्तरीचा होता. त्याला दिसत नव्हतं, पण मालकाचं माप पाठ होतं म्हणे! गालिच्यावर कपच कप. मला पाऊल टाकायला जागा शोधावी लागत होती. अरबाब "दिलं, दिलं" म्हणत होते आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. भिंतीला टेकून बसलेली पोरं हसत होती.

सगळे गेल्यावर मी थंड कप गोळा करत होतो. अरबाबांनी विचारलं, "उस्ताद, आता कायद्यात राहिलं कोण?"

उस्तादांनी बोटं मोजली. मग घसा साफ केला. "हसन."

कारण माझ्यासाठी कोणी कप ठेवला नव्हता. ठेवणार कसा? मी त्यांचा नोकर नव्हतो. आणि पाजणाऱ्याला कप नसतो.

मला वाटलं, आता हसून उडवून लावतील. पण त्यांचं जुनं वळण आडवं आलं. "बोलणारा मी," ते म्हणाले. "माझ्याच घरात सूट घेतली तर उद्या माझ्या शब्दाला कोण विचारील? निदान एक तरी माणूस पाठवायला हवा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगलं विमान बघ, उस्ताद. खिडकीची जागा."

मी वाक्य जुळवेपर्यंत तिकीट आलं!

मला जायचं नव्हतं. दापोलीकडे घर होतं, पण त्यात बायको नव्हती. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी खेडला दिलेली, तिच्या घरी तिचीच माणसं भरपूर. तिथे मला कोणी नको म्हटलं नसतं, पण सोमवारी संध्याकाळी माझ्या हातांनी करायचं काय?

*

शेवटचा सोमवार. जाधवने माझा खोका दोरीने आवळून बांधला होता आणि त्यावर काळ्या रंगाने माझं नाव इतकं मोठं लिहिलं होतं, की विमानातूनही वाचता आलं असतं. "चाचा, खोका हरवला तर तोच तुम्हाला शोधत येईल," तो म्हणाला. मग लगेच गाडी पुसायला निघून गेला. गाडी सकाळीच पुसून झाली होती.

बैठक नेहमीसारखी भरली. कोणी विषय काढत नव्हतं. ज्यांचे स्वयंपाकी आणि माळी वाचले होते, ते माझ्या हातातून कप घेताना खाली बघत होते. अरबाब एका गावकऱ्याची खजुराच्या किडीची तक्रार ऐकत होते आणि काहीच ऐकत नव्हते.

इतक्यात देशपांडे साहेब आले. गटाराचं काम संपून वर्ष झालं होतं, पण ते सोमवारी येतच राहिले. मला एकदा म्हणाले होते, "घरी मुलांशी मराठीत बोललो तर ती इंग्लिशमध्ये उत्तर देतात. इथे तुमच्याशी दारात पाच मिनिटं बोललं की आठवडा जातो." तेवढ्यासाठी ते बोकडाच्या दुधाबद्दल बिनतक्रार खोटं बोलायचे. दुपारी जाधवने त्यांना फोन केला होता, हे मला नंतर कळलं.

साहेब टाय लावून आले होते. बसले. मी कप भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, जरा वेळ धरला आणि समोर गालिच्यावर ठेवला.

खोलीत हसू फुटलं. अरबाबांनाही त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. "परत ॲसिडिटी!" ते म्हणाले. "जाधव! आण रे एक जनावर, त्याच्या बकरीला जोडी!"

जाधव दारात उभा होता. तो हलला नाही.

"ॲसिडिटी नाही, अरबाब," देशपांडे साहेब म्हणाले.

हसू थांबलं. साहेबांनी अरबाबांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. खोलीत सगळे त्या एका कपाकडे बघत होते. वाफ येत होती ती कमी झाली, मग थांबली.

अरबाबांनी दाढीवरून हात फिरवला. एकदा, मग परत एकदा.

"दिलं," ते म्हणाले.

काय पाहिजे, ते त्यांनी विचारलंच नाही. मला म्हणाले, "हसन, साहेबांची कॉफी थंड झाली. बदलून दे."

मी बदलून दिली. थोडी सांडली. साहेबांनी ती एका दमात प्यायली आणि कप पुढे केला. मी ओतली. त्यांनी परत प्यायली, परत पुढे केला. कप हलवायचा असतो हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते हलवेनात, आणि मी ओतत राहिलो.

शेवटी जाधव दारातून ओरडला, "चाचा, बस करा आता! खरंच ॲसिडिटीने जातील ते!"